प्रेस चालू असताना

३ नोव्हेंबर २०२४
काळेवाडी

तनुजा,

मी तुला ८ मार्चला ब्लॉक केलं आणि ते अजून काढलेलं नाही. म्हणून हे पत्र. दिघीला स्वतः येऊन तुझ्या आजीच्या हातात देणार आहे. छबूबाई माझं काही टाकून देणार नाहीत, तुझ्या घरात तेवढ्या एकाच माणसाचा भरवसा मला उरलाय.

मुद्दा एकच आहे. पान ६१. 'बाबा पिऊन आले होते त्या दिवशी.' हे वाक्य तू बोलायचं नाहीस.

ते पान माझ्याकडे कसं आलं ते सांगते. गेल्या महिन्यात जयदीप सरांचा फोन आला. सिनेमाचं पोस्टर लागल्यापासून सात महिन्यांत पहिलाच. "मैत्री, अगं एक छोटं काम होतं. प्रेस शॉपचे सीन आहेत ना, त्यातल्या तांत्रिक चुका तेवढ्या बघून दे. तुझ्याइतकं काटेकोर कोण बघणार?"

नाटक मी लिहिलं. त्याचा सिनेमा सर करतायत. त्यात मुलीचं काम तुझ्याकडे, माझं नावही नाही, आणि चुका तपासायला मी. मी हो म्हटलं, कारण मला पानं बघायची होती.

चौदा चुका निघाल्या. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसची ताकद टनात सांगतात, किलोत नाही. प्रेसवरचा माणूस 'साचा' म्हणत नाही, 'डाय' म्हणतो. अशा तेरा. चौदावी पान ६१ ची. तिच्यापुढे मी लिहिलं, 'वस्तुस्थितीला धरून नाही.' सरांचा मेसेज आला: 'ते तांत्रिक नाही गं, ड्रामॅटिक आहे.' पुढे हसरा चेहरा.

त्या जागी मूळ काय होतं ते तुला पाठ आहे. 'दोन बटणं'चे सतरा प्रयोग झाले. सतराही वेळा तू माझी आई होऊन चार फुटांवर उभी होतीस आणि मी बापाला म्हणत होते: 'बाबा, बटण अडकवलं होतं त्या दिवशी. आणि सगळ्यांना माहीत होतं.' सरांनी पहिलं वाक्य बदललं आणि दुसरं तसंच ठेवलं. 'बाबा पिऊन आले होते त्या दिवशी. आणि सगळ्यांना माहीत होतं.' मला पहिलं बदलल्यापेक्षा दुसरं ठेवल्याचा राग जास्त आहे.

तू आमच्या घरी पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो? आई आणि बाबा भांडत होते आणि घरात आवाज नव्हता. नुसते ओठ. तू हसायला लागलीस. मी सांगितलं, बाबा अठरा वर्षं प्रेसवर होते, कान गेलेत. आणि प्रेस चालू असताना चांगल्या कानाच्या माणसालाही ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे आवाजाशिवाय बोलतात, ओठ पूर्ण हलवून. आमच्या घरात तीच पद्धत राहिली. बाबा तुला म्हणाले, "प, ब, म ओठांवर एकसारखे दिसतात बरं का, पोरी. पुढचं अक्षर बघायचं." महिन्याभरात, मी पाठमोरी असताना, तू बाबांकडे माझ्या चहाड्या करायला लागलीस. मला कळायचं. बाबा हसायचे, तेवढाच आवाज यायचा.

सिनेमा आला की बाबा बघणार. तू आहेस म्हणून बघणार. त्यांना ऐकू येणार नाही, ते तुझ्या ओठांकडे बघतील. तिथे तू त्यांना काय दाखवणार आहेस?

शूटिंग २ डिसेंबरला सुरू होतंय असं कळलं. एकोणतीस दिवस आहेत. उत्तर पाठव.

मैत्री


१९ नोव्हेंबर २०२४
चाकण

तनुजा,

सोळा दिवस झाले. पत्र तुला मिळालं आहे, कारण मी ते दिलं तेव्हा छबूबाई म्हणाल्या, "देते की. पर तुमी दोघी बोलत का न्हाई? त्वांड हाय ना दोघींना?" त्यांना काय सांगणार.

हे कंपनीत लिहिते आहे. आमच्या खोलीतल्या मोजणीच्या मशीनला एक पार्ट तपासायला अकरा मिनिटं लागतात. पार्ट लावायचा, प्रोग्रॅम चालू करायचा, मग ती सुई आपली आपण एकेक भोक मोजत फिरते. तेवढा वेळ मी रिकामी. नाटकाचा दुसरा अंक अशाच अकरा-अकरा मिनिटांत लिहिलेला आहे. नोकरी करून लिहितेस कधी, असं तू विचारायचीस. असं.

तुझं उत्तर आलं नाही, पण मिनल भेटली. आपल्या नाटकाचे कपडे सांभाळायची ती आता तुमच्या सिनेमावर आहे. म्हणाली, "तनुजा सांगत होती, मैत्रीला वाक्याचं नाही गं, रोलचं दुखतंय."

दुखतंय. लिहून देते, म्हणजे तो मुद्दा संपेल. ४ फेब्रुवारीला मी त्या रोलसाठी कॅमेरा टेस्ट दिली होती. तुला सांगितलं नव्हतं. सर मॉनिटरकडे बघत म्हणाले, "रंगमंचावर तू आहेसच गं, प्रश्नच नाही. पण कॅमेरा जवळ येतो. तू जरा जास्तच खरी दिसतेस." मला आधी वाटलं, कौतुक करतायत. चिंचवडच्या चौकापर्यंत स्कूटर आली तेव्हा अर्थ लागला.

मी सातवीपासून काम करते. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात वस्तीच्या मंडपात पहिलं नाटुकलं, तेही मीच लिहिलेलं, कारण मोठ्या मुलांनी लिहिलेल्यात मुलींना फक्त रडायचं होतं. मग पॉलिटेक्निक. मग सरांचा ग्रुप, त्यात पहिली दोन वर्षं प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवरचं सामान, उचललं. एका मालिकेत नर्स झाले. 'डॉक्टर येतायत' एवढंच वाक्य, आणि डॉक्टर आलेच नाहीत, तो भाग कापला. कामगार नाट्यस्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र. ते आईने फ्रेम करून टीव्हीवर लावलंय. एवढी माझी कारकीर्द. तुझी मला माहीत आहे. तू चांगली नटी आहेस. वाईट असतीस तर मी पत्र लिहिलं नसतं, कारण मग ते वाक्य कोणाच्या लक्षातच राहिलं नसतं.

आता ज्याचं खरं दुखतंय ते. तुला हे तुकड्यांत माहीत आहे, एकदा सलग वाच.

प्रेसला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. हेतू हा की प्रेस खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असावेत, डायमध्ये नसावेत. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवलं. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना विचारलं, "दोन्ही हात बटणांवर होते, तर बोटं आत गेली कशी?"

परीक्षेतला प्रश्न विचारावा तसा विचारला. त्याआधी सात वर्षं आमच्या घरात 'मशीन बिघडली' एवढंच उत्तर होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबा ओठांनी म्हणाले, "पाचर."

एक बटण लाकडी पाचर मारून अडकवून ठेवायचे. मग एकाच हातावर प्रेस चालते, दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा. तासाला चारशेच्या जागी सहाशे नग. पाचर सुपरवायझर द्यायचा, शिफ्टच्या सुरुवातीला, हातमोज्यांबरोबर. मारायची मात्र ज्याची त्याने. त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या हाताने मारली होती. उजव्या हाताची दोन बोटं गेल्यावर गाडी यायच्या आत कोणीतरी ती काढून घेतली. दवाखान्यात कागद आला: 'सदर कामगार मद्याच्या अमलाखाली होता.' बाबांनी डाव्या हाताने सही केली. पाचर आपणच मारली, तेव्हा चूक आपलीच, असं त्यांना वाटत होतं. सही केल्यावर स्टोअरमध्ये ठेवून घेतलं.

माझे बाबा पीत नाहीत. तुझ्या भावाच्या लग्नात तुझ्या सयाजीकाकांनी त्यांना ग्लास पुढे केला तेव्हा ते काय म्हणाले, तूच मला सांगितलं होतंस: "आमच्यात बुद्धरत्न नाव ठेवलं की बाटली सुटते." मंडपभर हशा झाला. पण आमच्या गल्लीत पंधरा वर्षं ते 'घेणारे ओव्हाळ' आहेत. दुकानातली बाई आईला सुटे पैसे देताना अजून हात लांब धरते.

तेव्हा ते वाक्य जयदीप सरांचं नाही. ते कंपनीचं आहे, २००९ चं. सरांनी ते न ऐकता पुन्हा लिहिलं, आणि आता ते तुझ्या तोंडून मोठ्या पडद्यावर येणार.

मशीन थांबली. पार्ट नापास आहे, चार मायक्रॉनने. मी लाल खूण करते. तुला फक्त नाही म्हणायचं आहे, तेवढंच.

मैत्री


१४ डिसेंबर २०२४
काळेवाडी

तनुजा,

सरांची पोस्ट वाचली. 'चालू प्रेससमोर. एक मिनिट चाळीस सेकंद. एकच टेक. तनुजा, सलाम.' खाली तुझा फोटो. हाताला ग्रीस लावलंय. ग्रीस असं लागत नाही, ते नखांत जातं.

म्हणजे बोललीस.

मला वाटलं होतं तू भांडशील. निदान 'घसा दुखतो' म्हणशील. तू तर एका टेकमध्ये दिलंस.

या आठवड्यात मी एका वकील बाईंकडे गेले होते. त्यांनी विचारलं, नाटक तुमचं आहे याला पुरावा काय? प्रयोगाच्या परवान्यावर लेखक कोण? मी म्हटलं, जयदीप सर. त्या म्हणाल्या, मग कसं? तिथे जे बोलले नाही ते तुला सांगते, कारण आता आपल्यात बिघडायला काही उरलेलं नाही.

सरांनी माझं नाव खाल्लं नाही. मी दिलं.

मी तेव्हा ट्रेनी होते. बाबांची ती शेड आमच्याच कंपनीला माल देते. परवान्याचा फॉर्म भरायचा होता तेव्हा मी सरांना म्हटलं, मी कायम होईपर्यंत माझं नाव नको, तुमचं टाका. त्यांनी दोनदा विचारलं. मी माझ्या अक्षरात लिहून दिलं, 'लेखक म्हणून आपले नाव घालावे, माझी हरकत नाही.' तारीख, सही. कायम झाल्यावर बदलून घेऊ असं ठरलं होतं. मी कायम झाले तोवर बक्षीस मिळालं होतं, आणि सर मुलाखतींत 'मी हे लिहिताना' असं म्हणायला लागले होते. मी टोकलं नाही. त्यांना सवय झाली. मग त्यांना ते खरंच वाटायला लागलं.

आणि तू ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगत होतीस की सरांनी मैत्रीचं नाव चोरलं. तालमीत तू त्यांना तोंडावर म्हणालीस, "सर, लाज वाटते का?" मी शेजारी चहा पीत होते. तुला थांबवलं नाही. मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

सरांनी तुला तो कागद दाखवला असणार. त्याशिवाय ८ मार्चला तू फोनवर विचारलं नसतंस, "मैत्री, तू मला सगळं सांगितलंयस ना?" मी हो म्हटलं. मी फोन ठेवला आणि तुला ब्लॉक केलं. सिनेमा घेतलास म्हणून केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मलाही तसंच सांगितलं.

बाबांनी पाचर स्वतःच्या हाताने मारली होती. मीही तेच केलं, आणि मला तर कोणी हातमोज्यांबरोबर दिलीही नव्हती.

हे कबूल केलं म्हणून तू सुटत नाहीस. माझं खोटं माझ्या नावाबद्दल होतं, त्यात नुकसान माझं. तुझं वाक्य माझ्या बापाबद्दल आहे. त्यांच्या ताटात जेवून, त्यांनी शिकवलेल्या ओठांनी तू ते बोललीस. कालच बाबांनी विचारलं, "पोरीचं शूटिंग झालं का?" मी म्हटलं, झालं. "छान झालं असेल," म्हणाले, आणि ओठांनी न म्हणता मोठ्याने म्हणाले, म्हणजे आईलाही ऐकू जावं.

परत लिहिणार नाही.

मैत्री


२७ एप्रिल २०२५
काळेवाडी

तनुजा,

लिहिते आहे.

मंगळवारी सरांचा फोन आला. "तनुजाचा आवाज बसलाय. डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केलीय. प्रेसच्या सीनचं डबिंग अडकलंय. तिनंच तुझं नाव सुचवलं, चिठ्ठीवर लिहून दिलं. आवाज मैत्रीचाच घ्या."

मला वाटलं, ही आता हद्द झाली. स्वतः तर बोललीच, आता माझ्याही तोंडून वदवून घेते आहे. मी तिथे जायचं ठरवलं ते फक्त तोंडावर नाही म्हणायला. फोनवर नाही म्हणणं मला पुरलं नसतं.

काल गेले. पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर छोटा स्टुडिओ. शेखर नावाचा ध्वनिमुद्रक, सर आणि मी. शेखर म्हणाला, "मॅडम, सेटवरचा आवाज काहीच कामाचा नाही. ऐका." त्याने लावला. धडाड, धडाड, धडाड. बाकी काही नाही. सर हसून म्हणाले, "मी तर चाळीस फुटांवर काचेआड होतो. पण चेहऱ्यावर सगळं होतं. तो चेहरा बघूनच ओके दिला."

मी म्हटलं, "आवाज बंद करून दाखवा."

तू पडद्यावर आलीस. ग्रीस, बाही वर सारलेली, समोर बापाचं काम करणारा तो नट. तू त्याच्याकडे बघत होतीस, पण तोंड थोडं कॅमेऱ्याकडे, जसं आपण बाबांशी बोलताना दिव्याकडे तोंड करतो तसं. आणि तू ओठ पूर्ण हलवत होतीस. सिनेमात असं कोणी बोलत नाही. सर त्याला अभिनय समजले असतील.

'बाबा.' दोनदा ओठ मिटले. तिसऱ्यांदा मिटले. 'पि'ला मिटायलाच हवेत. प, ब, म एकसारखे दिसतात. पुढचं अक्षर बघायचं.

'पिऊन'च्या 'ऊ'ला ओठ गोल होऊन पुढे यायला हवेत. ते झाले नाहीत. जीभ वर टाळूला टेकली. मग तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

"परत," मी म्हटलं. चार वेळा पाहिलं. मोजमापात मी तीनदा बघते, इथे चारदा.

शेखर म्हणाला, "घ्यायचा का, मॅडम?"

मी म्हटलं, "सर, हे वाक्य कसं हवंय? तुम्ही एकदा बोलून दाखवा."

सरांना दाखवायला आवडतं. ते माइकसमोर गेले आणि मुलीच्या कळवळ्याने म्हणाले, "बाबा पिऊन आले होते त्या दिवशी." शेखरने लावून बघितलं. "सर, बसत नाहीये. तिचं तोंड उघडंय आणि तुमचं 'ऊन' चाललंय." सरांनी हळू बोलून पाहिलं, मग भरभर. शेखर म्हणाला, "आत्ता तर ती जांभई देतेय असं वाटतं, सर."

मग मी माइकसमोर उभी राहिले आणि सतरा प्रयोगांत बोलले होते तसं बोलले. "बाबा, बटण अडकवलं होतं त्या दिवशी. आणि सगळ्यांना माहीत होतं."

शेखर म्हणाला, "बसला! पहिल्याच फटक्यात." मग त्याने सरांकडे बघितलं.

सरांना कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "हे तुम्ही दोघींनी ठरवून केलंत."

"सर, आम्ही तेरा महिने बोललेलो नाही."

"मी परत शूट करीन."

शेखर म्हणाला, "सर, आपण शूट केलं ती शेड मार्चमध्ये पाडली ना? गोदाम होतंय तिथे."

"मग सीन काढतो."

"काढा," मी म्हटलं. "पोस्टरवर तेवढं 'एकच टेक' छापलंय, ते खोडावं लागेल."

ते खुर्चीत बसले. चष्मा पुसला. तो माणूस वाईट नाही, तनुजा, तुला हे माझ्या आधी कळलं होतं. त्याला फक्त स्वतःचं वाक्य आवडतं. शेवटी म्हणाले, "वाक्य राहू दे. पण नाव माझंच राहील."

मी म्हटलं, राहू दे. ते मीच दिलं होतं. पुढचं नाटक मी लिहायला घेतलंय, त्याच्या पहिल्या पानावर सगळ्यात आधी माझं नाव घातलं आहे. कथानक अजून नाही.

आता तुझ्याबद्दल. मला तुझा राग आहे. तो गेलेला नाही, जागा बदलून बसलाय. एक ओळ पाठवली असतीस, 'काळजी करू नकोस' एवढीच, तर मी डिसेंबरमध्ये तुला ते सगळं लिहिलं नसतं. पण मग मी त्या कागदाचंही लिहिलं नसतं, आणि तुला ते माझ्याकडून ऐकायचं होतं. बरोबर? 'रोलचं दुखतंय' हे तू मिनलला मुद्दाम सांगितलंस की रागाने, ते मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

तू भांडली असतीस तर सरांनी तुला बदललं असतं आणि ते वाक्य दुसरी कोणी बोलली असती. हे मला सुचलं नाही. तुला नाही म्हणायला सांगत होते, आणि नाही म्हणून काही झालं नसतं. मी फक्त कागद बघत होते. तू प्रेस बघितलीस.

ब्लॉक काढला आहे. फोन करू नकोस, तुझा आवाज बसलाय. तो खरंच बसलाय का, हे मी विचारणार नाही.

मैत्री


१७ ऑगस्ट २०२५
काळेवाडी

तनुजा,

चिंचवडच्या खेळाला तू आली नाहीस, म्हणून काय झालं ते कळवते.

आम्ही चौथ्या रांगेत होतो. सुरुवातीच्या गाण्यालाच बाबांनी कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकलं. "फार ओरडतंय," म्हणाले. आई म्हणाली, "मग तिकीट कशाला काढलं?" बाबांनी पडद्याकडे बोट केलं. श्रेयनामावलीत 'लेखन' आलं तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं. मी पॉपकॉर्न खात होते.

ते दृश्य आलं. माझा आवाज सगळ्या थिएटरात भरला होता आणि बाबांना तो येत नव्हता. ते तुझ्याकडे बघत होते. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर, तीन बोटांचा. तू 'बाबा' म्हणालीस आणि त्यांचे ओठ हलायला लागले. तुझ्याबरोबर. पूर्ण वाक्य. 'सगळ्यांना माहीत होतं' पर्यंत. मग त्यांनी तो हात उचलून मांडीवर घेतला, आणि दुसऱ्या हाताखाली झाकला नाही. मी सोळा वर्षांत हे पहिल्यांदा बघितलं.

बाहेर दुकानातली बाई भेटली. आईला म्हणाली, "अगं बाई, म्हणजे ओव्हाळदादा घेत नव्हते का?"

आई म्हणाली, "लवकर विचारलंत."

गिरजाबाई ओव्हाळ अशा आहेत. पुढच्या नाटकात त्यांना घेते आहे.

बाबा पायऱ्या उतरताना थांबले आणि दिव्याकडे तोंड करून ओठांनी म्हणाले, "'ट' चांगला दाखवला तिनं. पडद्यावर 'ट' दाखवणं अवघड." हे सिनेमाबद्दलचं त्यांचं एकूण मत. मग म्हणाले, "ती कधी येणार?"

मी म्हटलं, विचारते.

रविवारी मला सुट्टी आहे. एक वाजता जेवण असतं. माझ्याबद्दल तुला बाबांकडे जे काही सांगायचं असेल ते सांग. या वेळी मी पाठमोरी बसणार नाही.

मैत्री